सूडकथा लिहायचीय? आधी पंचनामा वाचा

नव्यानं लिहू लागलेल्या पोरापोरींची चार-दोन हस्तलिखितं दरवर्षी माझ्याकडं येतात. त्यातलं एक तरी असं असतंच: लेकरू जातं, बाप नाहीतर माय पिसाट होते, मारेकऱ्याचा माग काढते आणि शेवटच्या प्रकरणात भर पावसात पिस्तूल निघतं. लिहिणारा लातूरचा नाहीतर परभणीचा, पण पात्रांना गावच नाही. बाप सहा महिने मारेकऱ्याच्या मागं हिंडतो, तेवढ्या दिवसांत त्याच्या बैलांना वैरण कोण टाकतं ते कुठं येत नाही. सोसायटीचं कर्ज नाही, पाहुणेरावळे नाहीत, तारखेला जायचं तर एसटीला पैसे कुठून आणले तेही नाही. नुसता सूड. आणि नुसत्या सुडाची भीती वाटत नाही.

हे टिपण अशी कादंबरी पहिल्यांदाच लिहायला बसलेल्यांसाठी. एकच गोष्ट उदाहरणाला धरतो आणि तीच पायरी-पायरीनं वर नेतो. कुणाला ती उचलून लिहावी वाटली तर खुशाल लिहा, तुमच्या हातात ती वेगळीच होईल.

पहिली पायरी: गुन्हा लहान ठेवा

नवखा लेखक खलनायकाला आधी राक्षस करून टाकतो. दारू, पैशाचा माज, वर वशिला. असा माणूस मेला की वाचक 'बरं झालं' म्हणतो आणि पुस्तक मिटतो. बापाच्या मनात पेच उरत नाही, मग मनाचा थरार कुठून येणार?

खरा नमुना आपण लहानपणीच कीर्तनात ऐकलेला असतो. श्रावणबाळ. दशरथानं अंधारात, नुसत्या आवाजावर बाण सोडला. घागर भरल्याचा आवाज त्याला हत्ती पाणी पितोय असा वाटला. चूक कळल्यावर तो पळाला नाही. स्वतः पाणी घेऊन त्या आंधळ्या म्हातारा-म्हातारीकडं गेला आणि घडलं ते सांगितलं. तरी शाप मिळालाच, तोही अगदी मापून: आम्ही जसे लेकापायी मरतोय, तसाच तूही लेकापायी मरशील. मारणारा दुष्ट नाही, त्यानं मुद्दाम मारलं नाही, कबूलही केलं, आणि तरीही माफी नाही. एवढं जमलं की कादंबरी उभी राहते. महाभारतातला धृतराष्ट्र बघा. भीमाला कवेत घ्यायला हात पसरतो, कृष्ण लोखंडी पुतळा पुढं सरकवतो, म्हातारा पुतळ्याचा चुरा करतो आणि लगेच भीम मेला म्हणून रडायला लागतो. शंभर लेकरांचा सूड, टिकला एका मिठीएवढा.

आता आपली गोष्ट. लातूर जिल्हा, डिसेंबर, उसाचा हंगाम ऐन भरात. सतरा वर्षांचं पोरगं बारावीला, लातुरात खोली करून नीटची तयारी करतंय. उद्या येळवस, रानात कोप करून जेवायचा सण, म्हणून रात्रीच मोटरसायकलवर गावाकडं निघतं. रस्त्यात उसानं भरलेला ट्रॅक्टर उभा, मागं दोन ट्रॉल्या, एक टायर बसलेलं. रिफ्लेक्टर नाही, मागचा दिवा लोंबणाऱ्या उसानं झाकलेला. पोरगं मागून धडकतं. ड्रायव्हरही विशीतलाच, बीडकडचा. मुकादमानं टोळीसोबत आणलेला.

पोराच्या बापाला आपण अण्णा म्हणू. आता सांगा, दोष कुणाचा? ड्रायव्हरचा, ट्रॅक्टरमालकाचा, रिफ्लेक्टर न बघता गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर घेणाऱ्यांचा, का सतराव्या वर्षी पोराला गाडी घेऊन देणाऱ्या अण्णांचा? दोषाचे इतके वाटे झालेत की तो सगळा एकाच्या माथी मारायला अण्णांना फार कष्ट पडणार आहेत. ते कष्ट लिहायचे.

दुसरी: कागद जमवा

ठाणं आणि कोर्ट टीव्हीवरच्या मालिकांवरून शिकू नका. तालुक्याच्या कोर्टात एक दिवस नुसतं जाऊन बसा, सुनावणी सहसा खुलीच असते. बाकावर बसलेले लोक वकिलाची वाट बघताना काय खातात, कुठं थुंकतात, पुढची तारीख मिळाल्यावर बायको नवऱ्याकडं कशी बघते, ते टिपा. ओळखीच्या वकिलाला एखादा जुना, निकाल लागलेला अपघाताचा खटला नावं झाकून वाचायला मागा.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची का नंतरची, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आधीची असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ लागतं: निष्काळजीपणानं मृत्यू, शिक्षा २ वर्षांपर्यंत. नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), ५ वर्षांपर्यंत. दोन्ही जामीनपात्र. म्हणजे ड्रायव्हर चार दिवसांत बाहेर येतो आणि त्याच हंगामात, त्याच रस्त्यानं, अण्णांच्या शेताच्या बांधावरून ऊस वाहायला लागतो. एवढा मोठा छळ तुम्हाला रचावा लागला नाही, कायद्यानं आयता दिला.

दुसरा कागद अण्णांच्याच गळ्यात येतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मेलेल्या लेकराच्या बापासमोर हे कलम कुणी बोलून दाखवणार नाही असं समजू. तरी ते पुस्तकात आहे, आणि अण्णांनी ते वाचलंय.

तिसरा कागद भरपाईच्या दाव्याचा. हा फौजदारी खटल्याहून वेगळा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं चालतो. तिथं खरी लढत ड्रायव्हरशी नसते, विमा कंपनीच्या वकिलाशी असते, आणि मयताचीही चूक होती असं त्या वकिलानं दाखवलं की तेवढ्या हिश्शानं रक्कम कापली जाते. त्यासाठी तो मयताच्या फोनचे तपशील मागवू शकतो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

सगळ्यात मोलाचा कागद घटनास्थळ पंचनामा. त्याची भाषा कोरडी, दगडासारखी असते, म्हणूनच तिच्यात काहीही लपवता येतं. मी आपल्या गोष्टीसाठी लिहिलेला तुकडा देतो:

"सदर ट्रॉलीच्या मागील चाकास दोन दगड लावलेले दिसून आले. मोटरसायकल डाव्या अंगावर पडलेल्या स्थितीत, पुढील चाक वाकलेले. उजव्या पायातील एक बूट. एक मोबाईल, काच तडकलेली, चालू स्थितीत. एक प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, अर्धी, झाकण उघडे."

अख्खी कादंबरी या पाच ओळींत आहे. बाटली कुणाची? फिर्यादीत लिहिलंय की ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडून पळून गेला. पळून जाणारा झाकण उघडून बाटली ठेवून जातो का? आणि फोन खिशातून बाहेर कसा आला? अण्णांनी हा कागद शंभरदा वाचलाय, बूट या शब्दावर ते प्रत्येक वेळी थांबतात, पण बाटलीवरून आणि फोनवरून त्यांची नजर घसरते. वाचकाचीही घसरली पाहिजे. म्हणून बूट मधोमध ठेवलाय.

तिसरी: दुःखाच्या पायऱ्या विसरा

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. या पाच पायऱ्या घेऊन पाच भाग पाडलेलं हस्तलिखित मी एका बैठकीत ओळखतो. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांसाठी त्या नंतर वापरात आल्या, आणि माणसं काही त्या क्रमानं चढत नाहीत. अण्णा सकाळी हसून दूध घालतील आणि दुपारी पोराच्या चपलेला तेल लावत बसतील.

तुम्हाला खरं उपयोगी पडेल ते हे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात २०२२ पासून लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत वर्ष उलटून गेलं, तरी जवळपास रोज ती ओढ तितकीच तीव्र, आपलाच एखादा भाग मेल्यासारखं वाटणं, आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट टाळणं, असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत अण्णांना कुठलंही लेबल लावू नका. तोवर ते फक्त बाप आहेत.

दुसरं, मेलेल्याचा आवाज ऐकू आला की पात्राला वेडं ठरवू नका. डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा भास झाला होता, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना रात्री फाटकाशी गाडी बंद केल्याचा आवाज येऊ दे. ते उठून कडी काढतील, परत लावतील आणि झोपतील. बायको जागी असेल, विचारणार नाही. किंकाळी नको, पार्श्वसंगीत नको.

तिसरं सुडाबद्दल. कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये काही प्रयोग छापले. फसवणाऱ्याला शिक्षा करायची संधी मिळालेल्यांना वाटत होतं की आता बरं वाटेल. झालं उलटं. शिक्षा केलेलेच जास्त वेळ त्या माणसाचा विचार करत राहिले आणि त्यांचंच मन जास्त खराब राहिलं. हे वाक्य पात्राच्या तोंडी घालू नका. ते फक्त तुम्हाला माहीत असू द्या.

दहाव्याचा प्रसंग मात्र जपून. पिंडाला कावळा शिवत नाही, मग बाप मनात शपथ घेतो आणि कावळा झडप घालतो. लिहायला फार गोड वाटतं, म्हणूनच वापरून गुळगुळीत झालंय. शिवाय आधी घर कोणतं ते बघा. लातूर-नांदेडकडं लिंगायत घरं पुष्कळ, तिथं दफन करतात.

चौथी: वेड शिस्तीसारखं दिसू द्या

इथं थोडं थांबू, कारण नवखे लोक इथंच सगळ्यात जास्त चुकतात. भिंतीवर फोटो चिकटवून लाल दोऱ्यानं जोडणारा बाप आपल्याकडं नसतो. आपल्याकडं वही असते. अण्णा डेअरीला दूध घालतात, दुधाच्या हिशेबाची वही त्यांच्याकडं आहेच. तिच्या मागच्या पानांवर ते ड्रायव्हरचा हिशेब मांडायला लागतात. कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर नंबराला तासन्‌तास उभे असतात, काट्याजवळ चहाची टपरी असते, आणि टपरीवर बसलेल्या शेतकऱ्याला कुणी विचारत नाही. ऊस कधी जाणार याची चौकशी करायला आलेलं माणूस म्हणून ते खपून जातात.

वहीतल्या नोंदी अशा:

"४ तारीख. काट्यावर ९.१०. पुढं चौदा गाड्या. चहा दोन.

६ तारीख. ८.४०. टेप मोठ्यानं. बिस्किटाचा पुडा एक, जेवण नाही.

७ तारीख. टेप बंद होता.

९ तारीख. नंबर लागायला पहाट झाली. ट्रॉलीखाली झोपला. अंगावर पोतं.

११ तारीख. आला नाही.

१२ तारीख. आला नाही. थंडी लई पडलीय, नुसत्या शर्टावर हिंडतो.

१३ तारीख. आला. आवाज बसलाय."

कुठल्या नोंदीपाशी तुमच्या पोटात कसंतरी झालं? माझ्या १२ तारखेला. माग काढता काढता अण्णा त्या पोराची काळजी करायला लागलेत, आणि हे त्यांना कळलेलं नाही. ज्याला मारायचंय तो एक दिवस दिसला नाही तर जीव खालीवर होतो. ही वही दहा पानं चालवा. मधे दुधाचे आकडेही राहू द्या: लिटर, फॅट, उचल. दूध हळूहळू कमी होत जाईल, कारण म्हशीकडं बघायला माणूस घरी नाही. वाचकाला हे सांगायचं नाही, आकडे सांगतील.

पाचवी: क्रियापदात लपवा

मराठी लिहिणाऱ्याला एक हत्यार फुकट मिळालंय. आपल्या भाषेत काच फोडता येते आणि काच आपोआप फुटतेही. दूध सांडवलं, दूध सांडलं. ज्याला करणारा झाकायचाय त्याला नुसतं क्रियापद बदलावं लागतं.

अण्णा स्वतः गोष्ट सांगतायत असं धरा. त्या रात्रीबद्दल ते नेहमी म्हणतात: "नऊ-चाळीसला फोन लागला होता. निघालोय म्हणला." पोलिसांना हेच, पाहुण्यांना हेच, स्वतःलाही हेच. फोन लागला. कुणी लावला? पोरगं तेव्हा गाडीवर होतं. उशीर झाला म्हणून अण्णांनी फोन केला, त्यानं एका हातानं तो खिशातून काढला. अण्णांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मोबाईलमधली ती नोंद पुसून टाकली. कंपनीकडची पुसता येत नाही, आणि भरपाईच्या दाव्यात वकील ती घेऊन येणार आहे.

ड्रायव्हरचा सूड म्हणजे या एका क्रियापदापासून पळणं आहे. म्हणून संबंध पुस्तकात "लागला" हाच शब्द ठेवा, किमान सहा-सात वेळा, दर वेळी वेगळ्या माणसासमोर. "केला" हा शब्द अण्णांच्या तोंडून एकदाच. त्याला उद्गारचिन्ह नको, वेगळा परिच्छेद नको.

तसंच काळाचं. "त्याला शेंगदाण्याची चटणी आवडती" असं अण्णा म्हणतात, "आवडायची" म्हणत नाहीत. मायनं आधी "आवडायची" म्हणावं आणि त्या जेवणात दोघांत भांडण व्हावं. भांडण मिठावरून.

बाकीची माणसं, आणि हत्यार

मायला रडण्यापुरतं ठेवू नका. तिला भरपाई हवीय, कारण धाकटी लेक आहे आणि सोसायटी दारात आहे. अण्णांना तो पैसा लेकराची किंमत वाटतो. लोकअदालतीत तडजोडीचा कागद पुढं येतो, सही दोघांची लागते. दोघंही आपापल्या जागी खरे असल्यानं या प्रसंगाला खलनायक लागत नाही. ती त्याला फार बोलत नाही. "जेवून घ्या की. कोणाची वाट बघायलाव?" एवढंच. या एका वाक्यावर मी प्रकरण संपवलंय.

बोली वापरा, पण नेम धरून. "करायलाव", "बघायलाव" हे लातूर-धाराशिवकडचं, "कामून" जास्त करून बीड-जालना-परभणीकडचं. ड्रायव्हर बीडचा आहे, तर त्याचं आणि अण्णांचं बोलणं एकसारखं नको. तो "मपलं" म्हणेल, अण्णा "माझं".

हत्यार म्हणून नव्वद टक्के नवखे फवारणीचं औषध काढतात. मी ते खोडायला लावतो. ज्या भागात त्या डब्यानं इतक्या घरांचे कर्ते नेलेत, तिथं तो डबा कथानकाचा खिळा म्हणून ठोकू नये, हे माझं मत. आणि कथेलाही त्याची गरज नसते. अण्णांकडं ट्रॉलीच्या चाकाखालचे दोन दगड आहेत. ट्रॅक्टर गेला, दगड रस्त्यातच राहिले. अण्णांनी ते घरी आणून ढेळजेत ठेवलेत. पुढचं तुम्ही बघा.

ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांच्याशी बोलायचं असेल तर पहिलं वर्ष जाऊ द्या, आणि वही-पेन घेऊन बसू नका. कुणाला बोलता बोलता फारच त्रास झाला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक जवळ असू द्या. चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

शेवटची: पंचांग उघडा

माझ्या पहिल्या खर्ड्यात पोराला समोरचा ट्रॅक्टर टिपूर चांदण्यात शेवटच्या क्षणी दिसतो, असं होतं. दोन पानं चांदणं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं वाचून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, येळवस म्हंजी आमुशा ना? मग आदल्या राती चांदणं कुठनं आणलाव?" दोन्ही पानं फाडली. काळोख आल्यावर प्रसंग दुप्पट चांगला झाला, आणि ड्रायव्हरची बाजूही आपोआप थोडी भक्कम झाली.

तेव्हा तारखा आधी, वाक्यं नंतर. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी टाकून गाळप सुरू होतं ते साधारण दिवाळीच्या आगेमागे. मार्च-एप्रिलकडं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या गावाकडं परततात. म्हणजे अण्णांच्या हातात साडेतीन महिने. तेवढ्यात काही झालं नाही तर उन्हाळा आणि पावसाळा रिकामा. पेरणी, सोयाबीनची काढणी, आणि वहीतली कोरी पानं. मग पुढचा हंगाम. ट्रॅक्टर तोच, ड्रायव्हर तोच का, हे अण्णांना काट्यावर जाऊनच कळणार. पुस्तकाची लांबी अशी ठरते, प्रकरणं मोजून नाही.

आणि पुढची येळवस. हा प्रसंग मी सगळ्यात आधी लिहिला होता. ज्वारीच्या शेतात कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदग्यात आंबील. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात, अनोळखी असला तरी. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर थांबतो. अण्णांची बायको ड्रायव्हरच्या खटल्याला कधी कोर्टात गेलेली नाही, ड्रायव्हरचं तोंड तिनं बघितलेलं नाही. ती बांधावरून हाक मारते, "या की दादा, जेवून जावा." पोरगं चप्पल बाहेर काढून कोपीत वाकून येतं. अण्णा आत बसलेत, बिंदगा त्यांच्याच हाताशी आहे. पोरगं त्यांना ओळखतं. उभंच राहतं. मग म्हणतं, "पाणी द्या थोडं."

याच्या पुढं मी आठ महिने एक ओळ लिहिली नाही. मागं जाऊन पंचनाम्यात बाटली घातली ती तेव्हा.